बायोलॉजिक औषध सुरू असताना अंगावर पुरळ आल्यास
नागपूरच्या मे महिन्यात पुरळ दिसले की आपण घामोळ्या समजून पावडर लावतो. परंतु क्रोन्स किंवा अल्सरेटिव्ह कोलायटिस या आतड्याच्या दाहाच्या विकारांसाठी इन्फ्लिक्सिमॅब वा अडालिमुमॅब हे बायोलॉजिक (सजीव पेशींपासून बनवलेले, सुईवाटे दिले जाणारे) औषध सुरू असेल, तर तळहात, तळपाय आणि केस बाजूला सारून डोक्याची त्वचा उजेडात नीट पाहावी, कारण तेथील पू धरलेले बारीक फोड किंवा पांढरट पापुद्रे सुटणारे लाल चट्टे हे औषधामुळेच उद्भवलेले सोरायसिससारखे पुरळ असू शकते. तारखेसह फोटो काढून पोटविकारतज्ज्ञ व त्वचारोगतज्ज्ञ या दोघांनाही दाखवावा. औषध मात्र स्वतःहून कधीही थांबवू नये, कारण आतड्याचा दाह पुन्हा उसळू शकतो. पुष्कळदा मलमांवरच भागते. सुई टोचलेल्या जागेची लाली सहसा काही दिवसांत ओसरते. ओठ सुजले, धाप लागली किंवा तापासह कातडी सोलू लागली, तर तत्काळ रुग्णालय गाठावे.