मायनर लीगचा फलंदाज ‘तयार’ झाला असं ठरवताना या चुका टाळा

मे महिना उजाडला की बेसबॉलच्या चाहत्यांची तीच ओरड सुरू होते. ट्रिपल-एमधला, म्हणजे मायनर (दुय्यम) लीगच्या सगळ्यात वरच्या पायरीवरचा पोरगा .३५० ने, म्हणजे शंभरात ३५ हिटच्या सरासरीने मारतोय, मग त्याला वर मोठ्या लीगमध्ये का आणत नाहीत? ही घाई करणाऱ्यांनी बहुधा एकच आकडा पाहिलेला असतो, आणि तोही सगळ्यात कमी भरवशाचा.

सरासरीवर निकाल देणं

सरासरीत नशिबाचा वाटा मोठा असतो. फटका क्षेत्ररक्षकांच्या मधून गेला की हिट, हातात गेला की आउट. स्ट्राइकआउटचं (तीन स्ट्राइक होऊन बाद होण्याचं) प्रमाण साधारण ६० प्लेट अपिअरन्सनंतर, म्हणजे फलंदाजीच्या ६० पाळ्यांनंतर, बऱ्यापैकी खरं बोलू लागतं, वॉकचं (चार चेंडू बाहेर पडल्याने फुकट मिळणाऱ्या बेसचं) १२० नंतर. सरासरीला मात्र पूर्ण मोसमही पुरत नाही. म्हणून तीन आठवड्यांची .३८० पाहिली की आधी स्ट्राइकआउटचा रकाना उघडावा.

फलंदाज जो ॲडेलचं उदाहरण यासाठी पाठ असायला हवं. २०१९ मध्ये एंजल्स संघाने त्याला सॉल्ट लेकला ट्रिपल-एमध्ये आणलं. सरासरी .२६४, म्हणजे वीस वर्षांच्या मुलासाठी वाईट नाही, असं म्हणून अनेकांनी पुढचं पान वाचलंच नाही. पुढच्या पानावर २७ सामन्यांत ४३ स्ट्राइकआउट होते आणि होमर (थेट मैदानाबाहेर गेलेला फटका) एकही नव्हता. तेही ४,००० फुटांहून उंच मैदानावर, जिथल्या विरळ हवेत चेंडू लांब जातो, आणि अशा वर्षी, जेव्हा ट्रिपल-एने मोठ्या लीगचा चेंडू स्वीकारल्यामुळे तिथल्या होमरांचा आकडा एका मोसमात दीडपटीच्या वर गेला होता. ऑगस्ट २०२० मध्ये त्याला वर आणलं. ३८ सामने, सरासरी .१६१, १३२ प्लेट अपिअरन्समध्ये ५५ स्ट्राइकआउट. मोठ्या लीगची सरासरी २२-२३ टक्के असते, याचं प्रमाण जवळजवळ ४२ टक्के. धोक्याची खूण वर्षभर आधी छापून आलेली होती.

नुसता स्ट्राइकआउटचा आकडा पाहूनही थांबू नका. झोनबाहेरच्या (स्ट्राइक धरली जाते त्या चौकटीबाहेरच्या) चेंडूंमागे धावणं आणि झोनमधला चेंडू चुकणं हे दोन वेगळे आजार आहेत. पहिला वेळ दिला तर सुधारतो. दुसरा, विशेषतः ताशी ९५ मैलांच्या वरच्या फास्टबॉलवर (सरळ वेगवान चेंडूवर) दिसत असेल तर, फार चिवट असतो. २०२३ पासून ट्रिपल-एचा चेंडूगणिक डेटा बेसबॉल सॅव्हंट या संकेतस्थळावर खुला आहे. माझी पद्धत साधी आहे: ९५ च्या वरचे फास्टबॉल वेगळे काढायचे आणि झोनमधल्या किती चेंडूंना बॅट लागली ते मोजायचं. दहातले आठही लागत नसतील, तर बढतीची चर्चा तिथेच थांबवावी. मग २-० आणि ३-१ या काउंटवर (आधी बाहेर पडलेले चेंडू, मग स्ट्राइक) आलेले ब्रेकिंग, म्हणजे वळणारे चेंडू पाहायचे. डबल-एमधला, म्हणजे एक पायरी खालचा, तरुण पिचर (चेंडू टाकणारा) तिथे हमखास फास्टबॉल टाकतो. ट्रिपल-एमधला तिशीचा, मोठ्या लीगमधून परत आलेला पिचर स्लायडर, म्हणजे वळणारा चेंडू टाकतो, आणि वरचे सगळेच टाकतात. ज्याला हे ओळखता येत नाही तो तयार नाही, मग होमर कितीही असोत.

मैदान न पाहता होमर मोजणं

पाटा खेळपट्टीवरचं रणजी द्विशतक आपण लगेच मान्य करत नाही. इथे मात्र तेच लोक ट्रिपल-एच्या अल्बुकर्कीतले होमर जसेच्या तसे मोजतात. अल्बुकर्की ५,००० फुटांवर आहे, रेनो ४,५०० च्या आसपास. विरळ हवेत चेंडू लांब जातो, आणि त्याहून महत्त्वाचं म्हणजे कर्व्हबॉल कमी वळतो. म्हणजे फलंदाजाला ताकदीची फुकट भर मिळतेच, शिवाय त्याची खरी कमजोरीही झाकली जाते. ॲडेलनेच २०२१ मध्ये सॉल्ट लेकला ७३ सामन्यांत २३ होमर मारले. पुढच्या वर्षी मोठ्या लीगमध्ये ८८ सामन्यांत ८ होमर आणि १०७ स्ट्राइकआउट. ३७ होमरांचा मोसम त्याला २०२५ मध्ये मिळाला.

पॅसिफिक कोस्ट लीग, म्हणजे ही उंच मैदानं असलेली ट्रिपल-एची लीग, तिच्या फलंदाजाचे घरचे आणि बाहेरचे आकडे वेगळे काढल्याशिवाय मत देऊच नये. तेही पुरत नाही, कारण ‘बाहेर’ म्हणजे अनेकदा दुसरं उंच मैदान. म्हणून चेंडू किती लांब गेला यापेक्षा बॅटवरून किती वेगाने सुटला ते पाहा. आणि एकच ताशी ११२ मैलांचा फटका धरून बसू नका. सर्वात जोरकस दहा टक्के फटके कुठून सुरू होतात ते बघा. १०३-१०४ मैल म्हणजे मोठ्या लीगच्या सरासरीजवळ.

एका आठवड्याला ‘फॉर्म’ म्हणणं

२०२१ पासून मायनर लीगमध्ये बहुतेक आठवड्यांत एकाच संघाशी सहा सामने होतात. समोरची पिचिंग कच्ची असली की आठवडाभर चंगळ. किमान पाच-सहा वेगवेगळे संघ होऊ द्या.

पायऱ्या गाळणं

जॅरेड केलनिकचे २०१९ मध्ये डबल-एचे २१ सामने झाले, २०२० चा मायनर लीग मोसम महामारीत रद्द झाला, २०२१ मध्ये ट्रिपल-एचे ६ सामने आणि थेट सिएटलच्या मोठ्या लीगच्या संघात. तिथे सलग ३९ ॲट-बॅटमध्ये (वॉक वगैरे वगळून मोजलेल्या पाळ्यांत) एकही हिट नाही, आणि जूनमध्ये परत खाली.

नियमांतले प्रयोग विसरणं

२०२३ मध्ये ट्रिपल-एचे निम्मे सामने यंत्राने ठरवलेल्या स्ट्राइक झोनवर झाले आणि वॉक वाढले. त्याच वर्षी डबल-एच्या सदर्न लीगमध्ये पहिल्या सत्रात पिचरला पकड मिळावी म्हणून आधीच चिकट केलेला चेंडू होता, त्यामुळे तिथल्या फलंदाजांचे आकडे विनाकारण वाईट दिसतात.

क्लबचा निर्णय म्हणजे गुणवत्तेचा निकाल समजणं

ख्रिस ब्रायंटने २०१४ मध्ये मायनरमध्ये ४३ होमर मारले, २०१५ च्या सराव सामन्यांत ९. तरी मोसम सुरू झाला तेव्हा तो आयोवात, म्हणजे शिकागो कब्सच्या ट्रिपल-ए संघात होता. १७ एप्रिलला बोलावल्यामुळे त्याचे सेवेचे (मोठ्या लीगच्या संघात असल्याचे) १७१ दिवस भरले; पूर्ण वर्षाला १७२ लागतात. शिकागोला त्याच्यावर एक वर्ष जादा हक्क मिळाला.

पहिल्या महिन्यात फलंदाज निकालात काढणं

ॲरन जजने २०१६ मध्ये मोठ्या लीगमध्ये आल्यावर २७ सामन्यांत .१७९ मारले, ८४ ॲट-बॅटमध्ये ४२ स्ट्राइकआउट. पुढच्या वर्षी ५२ होमर. वर आल्यावर अपयशाचा आकडा पाहण्यापेक्षा पिचर त्याला कुठे चेंडू टाकतायत आणि तो महिनाभराने तिथे काही वेगळं करतोय का, ते पाहा.

बाकावर बसवायला वर आणणं

हे सगळ्यात अनाकलनीय. बावीस वर्षांच्या मुलाला ट्रिपल-एमध्ये रोज चार वेळा प्लेटवर उभं राहता येतं. वर आठवड्यातून दोनदा पिंच हिटर (दुसऱ्याच्या जागी एका पाळीपुरता फलंदाज) म्हणून जाऊन तो स्लायडर ओळखायला शिकणार नाही. आठवड्यात निदान पाच सामन्यांत सुरुवातीपासून जागा मोकळी नसेल, तर त्याला खालीच खेळू द्या.