स्वमग्न मूल आणि थेरपी: केवळ बोलण्यावर नजर ठेवण्याच्या चुका टाळा

‘याचा बाबाही उशिराच बोलला होता’ असे घरातले कोणीतरी हमखास म्हणते आणि त्या दिलाशात मोलाचे महिने निघून जातात. स्वमग्नतेची (ऑटिझमची) शंका केवळ शब्दांवरून घ्यायची नसते. नावाने हाक मारल्यावर न वळणे, हवी असलेली वस्तू बोटाने न दाखवता मोठ्यांचा हात धरून तिकडे नेणे किंवा आलेले शब्द पुन्हा नाहीसे होणे यांपैकी काहीही दिसले, तर श्रवणचाचणीसह विकासाची तपासणी करून घ्यावी. १६ ते ३० महिन्यांच्या मुलांसाठी असलेली एम-चॅट प्रश्नावली ही चाळणी आहे, निदान नव्हे. राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाखालील जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्रातही ही तपासणी होते.

थेरपी सुरू झाल्यावर सर्वाधिक नुकसान करते ती ‘आधी पाणी म्हण, मग देते’ ही अट. मूल रिकामा पेला घेऊन आईजवळ येते, म्हणजे त्याने मागणी केलेलीच असते. ती नाकारली की ते किंचाळते, आई घाबरून पाणी देते आणि किंचाळल्यावरच पाणी मिळते एवढेच ते शिकते. त्याऐवजी पेला पुढे येताच ‘पाणी’ असे स्पष्ट म्हणून लगेच पाणी द्यावे. हवे ते दाखवून मागण्यासाठी चित्रकार्डे वापरल्यास मूल बोलायचे थांबेल ही भीतीही अनाठायी आहे, कारण अशा साधनांमुळे बोलणे खुंटत नाही, असेच आजवरच्या अभ्यासांतून दिसते.

‘तुला पाणी हवंय का?’ हा आपलाच प्रश्न मूल जसाच्या तसा परत म्हणत असेल, तर बहुधा त्याला पाणी हवे असते. त्याला न रागावता त्याच्या वतीने ‘मला पाणी हवंय’ असे म्हणून दाखवावे.

शाळेच्या धास्तीने घरातली मराठी बंद करून तोडकीमोडकी इंग्रजी सुरू करणे, हा तर माझ्या मते निव्वळ अन्याय आहे. दोन भाषांमुळे स्वमग्न मुलाचा भाषाविकास मागे पडतो असे आढळलेले नाही. उलट मराठी बंद केल्याने आजीशी असलेला त्याचा संवाद मात्र तुटतो.

आठवड्यातून दोनदा केंद्रात सोडून बाहेर मोबाईल पाहत बसल्याने फारसे साधत नाही. थेरपिस्टने आज नेमके काय करून घेतले, ते पाहून शर्टाची बटणे लावताना किंवा जेवताना घरी तेच करावे. नजरेला नजर देण्याची सक्ती किंवा हात हलवण्यावर बंदी हे मात्र उद्दिष्ट असू नये.

वाचा-उपचारतज्ज्ञाची भारतीय पुनर्वास परिषदेकडील नोंदणी तपासावी. ‘सहा महिन्यांत बोलायला लावू’ अशी हमी देणारे आणि मूलपेशी (स्टेम सेल) उपचार किंवा चिलेशन (शरीरातील जड धातू औषधाने बाहेर काढण्याचा उपचार) विकणारे यांच्यापासून दूर राहावे. मूलपेशी उपचार स्वमग्नतेवर मान्यताप्राप्त नाहीत आणि चिलेशनमुळे मुलांचे मृत्यूही ओढवले आहेत.