कुर्डुवाडीत गाडी बदलणारी माणसं गावात का येत नाहीत? या चुका टाळा

पंढरपूरला, बार्शीला जाणारी एवढी माणसं कुर्डुवाडी जंक्शनला उतरतात, पुढच्या गाडीची वाट बघत बाकड्यावर बसतात अन् निघून जातात. आपल्या सोलापूर जिल्ह्यातलं एवढं जुनं रेल्वेचं गाव, आणि लोकांना फक्त चहा प्यायचं ठिकाण म्हणून माहिती, याचं लई वाईट वाटतं.

पहिली चूक, बोर्डावर नुसतं 'ऐतिहासिक शहर' लिहायचं. त्यातून काय कळणार? सरळ सांगा ना, १८९७ ला इथून बार्शीला छोटी गाडी सुरू झाली, एव्हरार्ड काल्थ्रॉप नावाच्या इंग्रज इंजिनियरची बार्शी लाइट रेल्वे, मग १९०६ ला ती पंढरपूरला पोचली, १९११ ला लातूरला, १९२७ ला मिरजेला. रूळ हलके, म्हणून एका अ‍ॅक्सलवर, म्हणजे चाकांच्या एका जोडीच्या दांड्यावर, पाच टनापेक्षा जास्त वजन येणार नाही अशा हिशेबाने इंजिनं-डबे बनवले, आणि त्याच गाडीने वारकऱ्यांच्या कितीतरी वाऱ्या झाल्या.

दुसरी, सगळं तोंडीच सांगत बसायचं. एका पाहुण्या पोराला मी त्या छोट्या गाडीचे अडीच फुटी रूळ, म्हणजे दोन रुळांत अडीच फुटाचं अंतर, म्हणजे केवढे ते समजावत होतो, त्याला काही कळेना. शेवटी हॉटेलच्या फरशीवर खडूने अडीच फुटावर दोन रेघा मारल्या, शेजारी साडेपाच फुटावर आत्ताच्या ब्रॉडगेजच्या, म्हणजे मोठ्या गाडीच्या रुळांच्या दोन. पोरगं छोट्या रेघांवर दोन पाय फाकवून उभं राहिलं, म्हणालं एवढ्याशावर रेल्वे? मग आई-बाप पण उठून बघायला आले, फोटो काढले. खर्च एका खडूचा. स्टेशनबाहेर दुकान असलेल्या प्रत्येकाने ऑइलपेंटने अशा रेघा मारून घ्याव्यात, खरंच सांगतो.

शेंगाचटणी किलोच्या पाकिटात ठेवू नका, प्रवासात कोण नेणार? छोटी पुडी ठेवा, आधी भाकरीच्या तुकड्यावर चव द्या. बायकांसाठी स्वच्छ बाथरूम नसेल तर बाकीचं सगळं सोडा आणि आधी ते करा. आणि परवानगीशिवाय कुणाला रुळावर किंवा रेल्वेच्या वर्कशॉपात घुसवू नका.

अजून एक, पंढरपूरला निघालेल्याला अडवून गाव दाखवायला जाऊ नका, त्याचं सगळं मन विठ्ठलाकडे लागलेलं असतं. त्याला पाणी द्या, गाडी कधीची ते नीट सांगा, आणि येताना थांबा म्हणा. दर्शन करून माणूस परत येतो ना, तेव्हा त्याला घाई नसते.