बाईकसाठी छोटी बॅग घेताय? या चुका टाळा

छोटी बॅग घेताना बहुतेक जण लिटरपासून सुरुवात करतात. २० ची घ्यावी की ३० ची? हा प्रश्न सगळ्यात शेवटी यायला हवा. बॅग गाडीवर नेमकी कुठे बसणार, कशाला बांधणार आणि तिच्या आसपास काय तापतं, काय फिरतं, हे आधी बघायचं. म्हणून बॅगेच्या आधी आपल्या गाडीकडे नीट बघा. मापाची टेप घ्या, सीटची मागची रुंदी, टाकीचा वरचा भाग, सायलेन्सरपासूनचं अंतर मोजा आणि मगच खरेदीला लागा.

टाकीवरची बॅग

लोहचुंबकाची बॅग लावायला-काढायला सगळ्यात सोपी. पण पुष्कळ बाईकची टाकी बाहेरून लोखंडी दिसते आणि वरचं आवरण प्लॅस्टिकचं निघतं. अ‍ॅल्युमिनियमच्या टाकीलाही चुंबक चिकटत नाही. घरातला साधा चुंबक घेऊन टाकीवर फिरवून बघा, आणि तोही एकाच जागी नको. बॅगेचे कान, म्हणजे चुंबक बसवलेले पदर, जिथे जिथे येणार, त्या प्रत्येक जागी. चारपैकी दोनच कान धरत असतील, तर ती बॅग तुमच्या गाडीसाठी नाही. अशा वेळी पट्ट्याची किंवा पेट्रोलच्या झाकणाभोवती बसणाऱ्या रिंगची बॅग बघावी. रिंग घेताना मात्र झाकणाच्या स्क्रूंची संख्या आणि त्यांच्यातलं अंतर तपासा. मॉडेलगणिक ते वेगळं असतं.

चुंबकाखाली वाळूचा एक कण अडकला तरी रंगावर ओरखडा उठतो. लावण्याआधी टाकी आणि चुंबकाची खालची बाजू, दोन्ही पुसा. बॅग सरकवू नका, उचलून ठेवा. चुंबकी पट्टी असलेली कार्डं त्या कानांजवळच्या कप्प्यात ठेवू नयेत, आणि तिथे ठेवलेल्या मोबाईलचा कंपासही चुकीची दिशा दाखवू शकतो.

आता टाकीच्या बॅगेची सगळ्यात महत्त्वाची चाचणी. बॅग पूर्ण भरा, कारण रिकामी बॅग सगळीकडे छान बसते. गाडीवर नेहमीसारखे बसा आणि हँडल डावीकडे, मग उजवीकडे, अगदी टोकापर्यंत वळवा. बॅग हँडलला अडते का? हॉर्नचं किंवा इंजिन बंद करायचं बटण दाबलं जातं का? सरळ रस्त्यावर हे कधीच कळत नाही. कळतं ते अरुंद जागेत गाडी वळवताना: वेग जवळजवळ शून्य, हँडल पूर्ण वळलेलं, आणि नेमक्या त्याच क्षणी इंजिन बंद. गाडी आडवी व्हायला तेवढं पुरतं.

एक बिघाड फार लोकांना चकवतो. काही अंतर गेल्यावर इंजिन अडखळतं, बंद पडतं. थोडा वेळ थांबलं की पुन्हा व्यवस्थित चालू होतं. लोक प्लग बदलतात, कार्ब्युरेटर साफ करून घेतात. काही गाड्यांत टाकीत हवा जाण्याचं छिद्र पेट्रोलच्या झाकणातच असतं. बॅगेच्या तळाने ते दाबलं गेलं की टाकीत निर्वात तयार होतो आणि पेट्रोल खाली उतरत नाही. गाडी बंद पडल्यावर झाकण उघडून बघा. ‘सुस्स’ असा आवाज होऊन हवा आत ओढली गेली आणि लगेच गाडी सुरू झाली, तर आधी बॅगेची जागा बदला.

सीटवरची आणि बाजूची बॅग

इथे दोन शत्रू: सायलेन्सर आणि मागचं चाक. बॅगेचं नायलॉन साधारण २२० ते २६० अंश सेल्सिअसला वितळतं, पण स्वस्त पट्टे बहुधा पॉलिप्रॉपिलीनचे असतात आणि ते १६५ च्या आसपासच वितळतात. मऊ पडून ताकद तर त्याच्या बरीच आधी जाते. म्हणून कापड शाबूत आणि पट्टा तुटलेला, असं घडतं. तापलेल्या भागापासून बॅग आणि पट्टे दोन्ही लांब हवेत. सायलेन्सरवर उष्णता अडवणारी जाळी किंवा पत्रा नसेल तर त्या बाजूला बॅग लटकवूच नये.

चाकाचं अंतर उभ्या गाडीवर मोजून फसगत होते. खड्ड्यात शॉकअ‍ॅब्सॉर्बर दबला की चाक वर येतं, आणि उभ्या गाडीत लांब वाटणारी बॅग टायरला घासते. कुणाला तरी मागे बसवा, सीट जोराने दाबायला सांगा आणि तेव्हा अंतर बघा. बाजूच्या मऊ बॅगा आतल्या बाजूला झोके घेतात. तिथे लोखंडी आधार नसेल तर तो बसवल्याशिवाय त्या वापरू नका. या एका बाबतीत मी कुणालाही ‘चालून जाईल’ म्हणणार नाही. चाकात अडकलेली बॅग चाक जागीच थांबवू शकते.

पट्ट्यांची मोकळी टोकंही तशीच. उरलेला पट्टा गुंडाळून वेल्क्रोने बांधा किंवा पट्ट्याखालीच खोचा. फडफडणारं टोक चेनमध्ये गेलं की बाकीचा पट्टा ओढला जायला क्षणही लागत नाही. बॅग चार ठिकाणी बांधलेली हवी, दोन पट्टे पुढे आणि दोन मागे ओढणारे. ते फ्रेमला, कॅरिअरला किंवा सीटमागच्या हँडलला अडकवा. इंडिकेटर, नंबरप्लेट आणि प्लॅस्टिकचे पॅनेल वजन पेलण्यासाठी नसतात. सीटखालून पट्टा नेत असाल तर वायर चिमटत नाही ना आणि सीटचं लॉक पूर्ण बसलंय ना, हे बघा.

हुकांची रबरी दोरी वरून रेनकोट दाबायला ठीक आहे, बॅग बांधायला नाही. ती ताणते, धक्क्यागणिक बॅग थोडी थोडी सरकते, आणि हूक सुटून उलटा आला तर थेट डोळ्यावर येतो.

बॅग बांधून झाली की मागे दहा पावलं जाऊन बघा. टेललाईट, इंडिकेटर, नंबरप्लेट दिसायलाच हवेत. बॅगेची उंचीही बघा: गाडीवर चढताना बूट तिला अडकला तर तोल जातो, तोही गाडी उभी असताना.

पाणी

लेबलवर ६००डी किंवा १६८०डी लिहिलेलं असतं. तो आकडा धाग्याच्या जाडीचा, म्हणजे ९००० मीटर धाग्याचं वजन किती ग्रॅम, एवढंच तो सांगतो. पाण्याशी त्याचा संबंध नाही. कापड कितीही चांगलं असलं तरी शिवणीत सुईची भोकं असतात आणि बॅगेच्या झिपच्या दातांतून पाणी झिरपतं. खरी जलरोधक हवी असेल तर शिवणीऐवजी उष्णतेने जोडलेले सांधे आणि गुंडाळून बंद होणारं तोंड बघा, आणि ते तोंड किमान तीनदा गुंडाळा. रेनकव्हर वाऱ्याने फुगतं आणि मागच्या चाकाचं पाणी खालून उडतं, तिथे ते कामी येत नाही. त्यापेक्षा आत एक जलरोधक पिशवी ठेवणं मला जास्त भरवशाचं वाटतं. प्रवासाआधी बॅगेत जुनी वर्तमानपत्रं भरा आणि दहा मिनिटं नळीने खालून-बाजूने पाणी मारा. ओला कागद गळती कुठे आहे ते अचूक दाखवतो.

आता लिटर

हवी त्यापेक्षा मोठी बॅग घेऊन ती अर्धी रिकामी नेणं, ही नेहमीची चूक. आतलं सामान हलतं, कापड फडफडतं, पट्टे सैल होतात. घ्यायचीच तर बाहेरून आवळता येणारी घ्या. जड वस्तू खाली आणि स्वतःच्या पाठीजवळ ठेवा. मागच्या चाकाच्या आसापलीकडे वजन गेलं की पुढचं चाक हलकं पडतं. कॅरिअरची मर्यादा बऱ्याचदा जेमतेम काही किलोंची असते. ती आणि गाडीची एकूण मर्यादा मॅन्युअलमध्ये बघा. टायरची हवा आणि मागचा शॉकअ‍ॅब्सॉर्बरही त्यानुसार लावून घ्या, नाहीतर हेडलाईट समोरच्याच्या डोळ्यात जातो.

बॅग एका बाजूला कलत असेल तर आधी पट्टे दोन्हीकडे सारख्या उंचीवर बांधलेत का ते बघा. वजनाचा विचार नंतर. पहिल्या १५-२० किलोमीटरनंतर थांबून पट्टे पुन्हा आवळा, कारण सामान दबून बसतं. आणि वेगात गाडी डुलत असेल तर वेग हळूहळू कमी करा, बॅग उतरवून तोच रस्ता पुन्हा चालवून बघा. डुलणं थांबलं तर वजनाची मांडणी चुकली आहे. तरीही राहिलं तर बॅगेचा दोष नाही; टायर आणि हँडलचे बेअरिंग मेकॅनिककडून तपासून घ्या.