मुलग्याकडे एकच काम, पण पूर्ण

आठ ते तेरा वर्षांच्या मुलग्यांना घरात चिल्लर कामं मिळतात. 'पाणी आण', 'दार लाव'. सांगितलं की उठायचं, झालं की परत बसायचं. यातून सांगकाम्या तयार होतो. एकच काम द्या, पण आठवण ठेवण्यापासून चूक निस्तरण्यापर्यंत सगळं त्याच्या गळ्यात.

सुरुवात पावापासून करा. गोव्यात दारोदार पाव विकणाऱ्या पोदेराचा भोंपू ऐकू आला की पिशवी आणि पैसे घेऊन गेटवर त्यानेच जायचं. घरात आज माणसं किती, उंडे (गोल पाव) किती, पोळ्या (कोंड्याचे चपटे पाव) किती, हेही त्यानेच ठरवायचं आणि उरलेले सुटे डब्यात टाकायचे. पहिल्या आठवड्यात एकदा तरी पोदेर निघून जाईल. मागून हाका मारू नका, स्कूटर काढून बेकरी गाठू नका. त्या दिवशी सगळ्यांनी चहाबरोबर बिस्किटं खायची, तीही टोमणे न मारता. टोमणे खाणारा मुलगा पुढच्या वेळी चूक लपवतो.

पावसाळ्यात शाळेचे मोजे द्या. दुपारी घरी आल्या आल्या अर्धी बादली पाणी, चमचाभर साबणपूड, पंधरा मिनिटं भिजवण. मोजा उलटा करून टाच आणि चवडा चोळायचा, दोनदा स्वच्छ पाण्यातून काढायचा. मग कोरड्या टॉवेलात गुंडाळून त्यावर उभं राहायचं (हा भाग मुलांना भलताच आवडतो) आणि बोटांकडून चिमटा लावून पंख्याखाली टांगायचं. जुलैत रात्री धुतलेले मोजे सकाळी ओलेच असतात, त्यामुळे आळस केला की त्याचा त्यालाच कळतो. तुम्ही चोरून पुन्हा पिळायला जाऊ नका. तेही त्याला कळतं, आणि आपलं काम कच्चं धरलं जातं हे मनात बसतं.

अकरा-बारा वर्षांचा झाला की बस. डिचोली ते म्हापसा असा ओळखीचा रस्ता निवडा. पहिल्या खेपेला शेजारी बसा, दुसऱ्या खेपेला दोन बाकं मागे आणि गप्प, तिसऱ्या खेपेला तुम्ही उतरायच्या थांब्यावर उभे. चौथी खेप त्याची एकट्याची. दोन फोन नंबर तोंडपाठ हवेत, कारण मोबाइल नेमका तेव्हाच बंद पडतो. थांबा चुकला तर कंडक्टरला सांगून पुढच्या थांब्यावर उतरायचं आणि तिथूनच फोन करायचा, हे घरी दोनदा बोलून घ्या.

कृतज्ञतेचं मात्र काम म्हणून वाटप करता येत नाही. 'थँक्यू म्हण' असं दटावून तोंडचा शब्द तेवढा मिळतो. चवथीला, म्हणजे गणेश चतुर्थीला, त्याला माटोळीच्या (गणपतीच्या वर फळं-फुलं टांगायची चौकट) तयारीत घ्या. सुपारीचा घोस कोणाच्या कुळागरातला (सुपारीच्या बागेतला), तोरिंगण (पपनस) कोणी आणून दिलं, हे त्याने वहीत लिहायचं आणि नंतर करंज्यांचा डबा त्या घरी स्वतः पोचवायचा. तिथे बोलायचं ते नेमकं: 'काका, पावसात पोफळीवर चढून घोस काढलात, देव बरें करूं.' काकांना काय कष्ट पडले हे ठाऊक असल्याशिवाय हे वाक्य सुचत नाही.

कौतुकही तसंच नेमकं करा. 'हुशार माझा बाबू' ऐकून तो फुगतो आणि अवघड काम टाळायला लागतो, न जाणो हुशारी गेली तर! 'काल पाव कमी पडला होता, आज मोजून घेतलास' एवढं पुरे. कामाचे पैसे देऊ नका, बहिणीशी तुलना नको. आणि बहीण आधीपासूनच ही कामं करत असेल, तर त्याच्या वाटणीची तिच्याकडून त्याच दिवशी काढून घ्या.