कॅल्कमध्ये मराठी फॉन्ट बदलतच नव्हता

सोसायटीचा मेंटेनन्सचा हिशेब मी लिब्रेऑफिस कॅल्कमध्ये (एक्सेलसारखा मोफत प्रोग्राम) ठेवतो. चार जणांचे हात लागून त्या फाईलची पार गोधडी झाली होती : नावं एका फॉन्टात, रकमा दुसऱ्यात, शीर्षकं तिसऱ्याच.

दरवेळी सेल निवडून फॉन्ट बदलायचा कंटाळा आला, म्हणून एफ११ दाबून स्टाइल्सची, म्हणजे फॉन्ट-साइज वगैरे एकदाच ठरवून ठेवायच्या साच्यांची, यादी उघडली. 'डिफॉल्ट'वर राइट क्लिक, एडिट, फॉन्ट 'मुक्ता', ओके. आकडे बदलले, पण मराठी नावं ढिम्म!

गोम अशी की कॅल्क देवनागरीला 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'मध्ये (जोडाक्षरं, मात्रा वगैरे असलेल्या लिप्यांचा गट) धरतं आणि तिचा फॉन्ट वेगळा ठेवतं. मी बदलला होता तो फक्त वेस्टर्न, म्हणजे इंग्रजी अक्षरं-आकड्यांचा. मग ऑप्शन्समध्ये भाषांच्या पानावर 'कॉम्प्लेक्स टेक्स्ट लेआउट'ला टिक केली, तेव्हा फॉन्टच्या टॅबमध्ये तो विभाग दिसला. तिथेही मुक्ता दिला. साइज आणि बोल्डसुद्धा दोन्हीकडे वेगळं द्यावं लागतं (हा काय छळ!).

तरी काही सेल हटेनात. त्यांच्यावर आधी हाताने केलेलं फॉरमॅटिंग होतं. सगळी शीट निवडून ते पुसणारं कंट्रोल+एम मारलं आणि तारखांच्या रकान्यात १ एप्रिल २०२५ च्या जागी ४५७४८ उगवलं. कॅल्क तारीख आतून दिवसांच्या आकड्यात ठेवतं, आणि तारखेचं फॉरमॅटही पुसलं गेलं होतं. लगेच अनडू करून फक्त नावांचे रकाने निवडले आणि पुन्हा कंट्रोल+एम मारलं.

शीर्षकांसाठी 'डिफॉल्ट'खाली वेगळी स्टाइल केली आहे, बोल्ड, १४ पॉइंट. फॉन्ट तिला वरच्या 'डिफॉल्ट'कडूनच मिळतो.