सीडी रिप आणि बर्न करताना या चुका टाळा

'अमक्या सॉफ्टवेअरनं बर्न केलेली सीडी जास्त गोड वाजते.' राजारामपुरीतल्या आमच्या कट्ट्यावर महिन्यातनं एकदा तरी हे ऐकतो. अरे भावा, सीडीवरचे आकडे जसेच्या तसे संगणकावर उचलले (म्हणजे रिप) आणि कोऱ्या सीडीवर तसेच लिहिले (म्हणजे बर्न), तर सॉफ्टवेअर कुठलंही असो, आवाज तोच. घोळ सेटिंगमध्ये असतो, आणि ती उघडून बघायचा सगळ्यांनाच कंटाळा.

गेल्या पावसाळ्यात शाहूपुरीतले एक काका आले. वडिलांच्या घरगुती मैफलीची सीडी. विलंबित एक ट्रॅक, द्रुत दुसरा. प्रत पुतण्यानं काढून दिलेली. लावली. तिहाई (तीनदा वाजणारा तुकडा) पुरी होते, आता सम, आणि दोन सेकंद शुकशुकाट. मग धा. काका म्हणाले, "सॉफ्टवेअर बदलून बघतोस काय जरा?"

पुतण्यानं ट्रॅक-ॲट-वन्सवर, म्हणजे एकेक ट्रॅक वेगळा लिहून, बर्न केलेलं. त्यात दोन ट्रॅकमध्ये दोन सेकंदांची मोकळी जागा पडते. त्याच्याच फायली घेऊन मी डिस्क-ॲट-वन्सवर, म्हणजे सगळी सीडी एका दमात, बर्न केलं. शांतता गेली, पण समेवर बारीक उचकी राहिलीच. अर्धी दुपार ड्राइव्हला शिव्या घातल्यावर फायली नीट बघितल्या. पोरानं मध्ये एमपी थ्री करून घेतलेल्या! एमपी थ्री बनताना आधी आणि शेवटी थोडी रिकामी जागा भरली जाते. शिवाय फाईल लहान करायला जो आवाज कापला गेला तो गेलाच, नंतर वेव्ह (काहीही न कापता ठेवलेली फाईल) केली तरी परत येत नाही. मूळ सीडी शेवटी गडहिंग्लजला काकांच्या बहिणीकडं सापडली. तेव्हापासून मी रिप फक्त वेव्ह किंवा फ्लॅकमध्येच (आवाज न कापता लहान होणारी फाईल) करतो.

दुसरी चूक घाईची. ऑडिओ सीडीचा सेक्टर (म्हणजे सीडीवरचा एक कप्पा) २३५२ बाइटचा, सगळा आवाजानं भरलेला. डेटा सीडीत त्यातले २०४८ बाइट डेटाचे; उरलेल्यांत चूक दुरुस्तीची जादा सोय असते. गाण्याच्या सीडीत ती नाही, म्हणून मोठ्या ओरखड्यावर ड्राइव्ह अंदाजानं आवाज भरतो आणि सांगतही नाही. एक्झॅक्ट ऑडिओ कॉपी या रिपच्या सॉफ्टवेअरचा सिक्युअर मोड शंका आली की तीच जागा पुन्हा पुन्हा वाचतो. वेळ लागतो, मग पोरं कॅन्सल दाबतात. तेवढ्यात एक चहा होतो की! बाजारातल्या सीडीसाठी ॲक्युरेटरिप ही सोय इतरांच्या रिपशी चेकसम (फाईलच्या आकड्यांवरनं काढलेली खूण) ताडून देते. घरगुती मैफलीला त्याचा उपयोग नाही. तिथं मी दोनदा रिप करून फायली जुळवतो.

नॉर्मलाइझवरची (आवाजाची पातळी बदलणाऱ्या सेटिंगवरची) टिकमार्क काढा. बऱ्याचदा तुमची 'जास्त गोड' सीडी नुसती जास्त मोठ्यानं वाजत असते.

कागदी लेबल चिकटवू नका. पुसताना मधनं कडेकडं सरळ पुसा, गोल गोल नको.

सीडी हातात देण्याआधी प्रत्येक ट्रॅकचे शेवटचे दहा सेकंद आणि पुढच्याचे पहिले दहा मी ऐकतोच. काकांनी नव्या प्रतीतली ती सम तीनदा मागं नेऊन ऐकली आणि मग पुतण्याला फोन लावला.